जिभेचा शेवटचा रविवार

२ मे, गुरुवार

चौदा तारीख. मंगळवार. सकाळचं पहिलं ऑपरेशन इवानोचं.

अख्खी जीभ काढणार. आधी 'थोडी' म्हणाले, मग 'अर्धी'. आज डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं आणि सगळ्या जिभेभोवती पेन फिरवलं. हिवाळ्यात रेडिएशन झालं. मग महिना-दोन महिने तोंडाला चव नव्हती. ती परत आली, वजनही थोडं सावरलं, वाटलं सुटलो! गाठ परत आली. आता दुसरा इलाज नाही. जगेल. बोलणार नाही, घास चावून गिळणार नाही, पण जगेल. 'जगेल' हा शब्द बाईंनी तीनदा वापरला.

घरी परतताना गाडीत, पो नदीच्या पुलावर मीच म्हटलं, "बारा दिवस आहेत. सांग, काय काय करू?" मनात यादी सुरूही झाली होती — लाल भोपळा भरलेले तोर्तेल्ली, हिरव्या चटणीतला मासा, आणि शेवटच्या रविवारी कोंबडीच्या सुपातले आन्योली, खिमा भरलेल्या पास्त्याच्या त्या इवल्या पुरचुंड्या. ते तर ठरलेलंच. लग्नापासून दर रविवारी आमच्याकडे आन्योलीच असतात.

तो म्हणाला, "शेवटच्या रविवारी बाहेर जाऊ. तळ्याकाठच्या त्या रेस्तराँत."

मला वाटलं थट्टा करतोय. एकतीस वर्षं दुधाचा टँकर घेऊन त्या दारासमोरून गेला, कधी मान वळवून बघितलं नाही! तिथे काय खायचं ते आपण ठरवायचं नाही, ते ठरवतात. टेस्टिंग मेनू म्हणे. नऊ ताटल्या, प्रत्येकीत दोन घास.

थट्टा नव्हती.

४ मे, शनिवार

मी बालवाडीत रोज नव्वद पोरांना जेवू घालते. ह्याला चौतीस वर्षं घातलं. आणि जिभेवरचा शेवटचा घास परक्याच्या हातचा! पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. नाकाला मिरच्या झोंबल्यात माझ्या. आणि एवढ्या आजारी माणसावर रागावते म्हणून स्वतःचीच लाज वाटते. लाज वाटते आणि राग जात नाही.

नोएमीचा व्हेरोनाहून फोन. "आई, जीभ बाबांची आहे. त्यांना ठरवू दे ना!"

"जीभ त्याची, पण तिला वळण मी लावलंय."

"हे काय भांडायचे दिवस आहेत का?"

"मग कधी भांडू? दोन आठवड्यांनी? तेव्हा उत्तर कोण देणार?"

ती रडायला लागली. मग मी पण.

५ मे, रविवार

जागा नाही! ऑक्टोबरपर्यंत सगळं भरलंय. देव आहे.

८ मे, बुधवार

मिळाली जागा. इवानोने स्वतः फोन केला, मला न विचारता. "मंगळवारी माझी जीभ काढणार आहेत, ऑक्टोबरात येऊन मी काय करू?" असं सरळ सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली थांबा. मिनिटभरात टेबल निघालं.

"जिभेच्या नावाने भीक मागितलीस!" मी ओरडले.

"भीक नाही, वशिला. एकदाच चालतो." हसला. हसताना दुखतं त्याला, तरी हसला.

हल्ली शब्द जाड येतात त्याचे. मी कान देऊन ऐकते आणि ऐकतेय असं दाखवत नाही.

११ मे, शनिवार

तो न्हाव्याकडे गेला तेवढ्यात आन्योली वळून टाकले. ऐंशी. पीठ कालच भिजवून ठेवलं होतं. कोंबडीचं सूप बाहेरच्या शेगडीवर मंद ठेवलं, घरात वास नको म्हणून. उद्या दुपारी त्यांचं, संध्याकाळी माझं. शेवटचा घास माझाच!

कपटी आहे मी. असू दे.

१२ मे, रविवार

जाऊन आलो. संध्याकाळचे सहा झालेत, इवानो अंगणात खुर्चीत बसलाय. सगळं लिहून काढते.

एक वाजता पोचलो. नोएमीच्या लग्नातला कोट घातला होता त्याने, आता त्यात दोन इवानो मावतील. खिडकीजवळचं टेबल. टेबलक्लॉथ इतका जाड की मला तो उलटून शिवण बघावीशी वाटली. माझ्या हातातल्या कार्डावर किमतीच नव्हत्या! बायकांना तसलंच देतात म्हणे. मी वाकून त्याच्या कार्डात डोकावले तर त्याने ते पत्त्यांसारखं छातीशी धरलं.

वाढायला एक उंच, चष्मेवाला माणूस. बोलण्यावरून तोरीनोकडचा. मी त्याला म्हटलं, "ह्यांना तुमच्या नऊ ताटल्या आणा. मला एखादा साधा पास्ता, बस."

"क्षमा करा सिन्योरा, हे जेवण घ्यायचं तर सगळ्या टेबलाने घ्यावं लागतं. एकाला नऊ आणि एकाला एक, असं आम्ही देत नाही."

"ऐक त्याचं," इवानो म्हणाला. "आज तू स्वयंपाकीण नाहीस."

मग सुरू झालं. आमच्या बालवाडीत ताटातली चव पोरं सांगतात, तीही ओरडून. इथे वाढणाराच सांगतो तुम्हाला काय लागणार आहे ते! चमचाभर मासा, वर हिरवा फेस. "आधी लिंबाचा आंबटपणा येईल, मग थोडा खारेपणा, आणि अगदी शेवटी बडीशेप." मी म्हणणार होते, एवढं सांगताय तर आम्हाला खायला कशाला घालताय. पण इवानोने घास घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ. मग म्हणाला, "खरंय. शेवटी बडीशेप."

चौतीस वर्षांत माझ्या जेवणावर ह्याने एकदाही डोळे मिटले नाहीत! 'चांगलं झालंय', एवढंच. तेही मी विचारल्यावर. मी तिथे बसून फेस गिळला आणि अपमानही.

दुसऱ्या ताटलीला तेच, तिसरीला तेच. माणूस सांगतो, हा डोळे मिटतो, मान हलवतो. दोनदा मी रिकाम्या ताटल्या उचलून उभी राहिले. सवय! दोन्ही वेळा चष्मेवाला धावत आला. तिसऱ्यांदा इवानोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबून धरला. "बस गं." मग बसले. अंगाला खाज सुटल्यासारखं होत होतं, नुसतं बसून.

पाचवी ताटली — सुपातले आन्योली. आमचे! आमच्या मांतोवाचे! तीन. मोजून तीन. माझ्या वाडग्यात तीस असतात. सोबत कुठल्याशा टेकडीवरची जुनी लाल वाइन, तिची जन्मकथा चष्मेवाल्याने उभ्याने सांगितली. तो वळला मात्र, इवानोने तो सगळा पेला उचलून सुपात रिकामा केला.

घरी करतो तसाच! आमच्याकडे लहानथोर सगळे सुपात लाल वाइन ओततात आणि वाडगा तोंडाला लावतात. पण ती घरची लांब्रुस्को, आणि हे घर नव्हे! शेजारच्या टेबलावरच्या मोत्यांच्या माळवाल्या बाईचा काटा तोंडाच्या वाटेत थांबला. चष्मेवाला धावला. "सांडलं का? लगेच दुसरं आणतो, सिन्योर!"

"सांडलं नाही हो, ओतलं. तुमच्या तोरीनोत नाही का ओतत? मग हिवाळा काढता कसा?"

दोन्ही हातांनी वाडगा उचलून प्यायला. सावकाश, दुखऱ्या बाजूने नाही. खाली ठेवला तेव्हा जांभळी मिशी. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आता तू."

"वेडा आहेस का? सगळे बघतायत!"

"बघू देत. मंगळवारनंतर मला आग्रह करता येणार नाही."

ओतली. प्यायले. आणि हे फक्त ह्या वहीत लिहिते, नोएमीलाही सांगणार नाही — ते सूप माझ्यापेक्षा चांगलं होतं. खोल, गोडसर, कुठेही चरबीचा तवंग नाही. चौतीस वर्षं जे मला साधलं नाही ते. म्हणजे त्याची निवड बरोबरच होती. शेवटच्या रविवारी त्याला चांगलंच मिळालं, आणि ते माझं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं. चष्मेवाल्याने माझ्यासमोर पाव आणून ठेवला.

पुढचं नीट आठवत नाही. सातवी ताटली वासराच्या गालाची. मऊ लोण्यासारखा, तरी त्याने दोन घास घेऊन ताटली माझ्याकडे सरकवली. "पोट भरलं. तू खा." गोडाचंही तेच. "हट्ट करून आलास ना, मग खा की!" मी फिस्कारले. तर नुसता हसून माझ्याकडे बघत बसला, हनुवटी हातावर टेकवून. साडेतीन तास बसलो आम्ही. मी इतकं कधी जेवले नव्हते आणि इतकी दुःखी होऊन तर नाहीच.

आत्ता अंगणात जाऊन विचारलं, "आन्योली टाकू का? थोडेच. मी केलेत."

"नको गं. एक घास जायचा नाही."

फ्रीजरमध्ये टाकले. हरले.

१३ मे, सोमवार

सकाळी आठला दाखल केलं. संध्याकाळी हॉस्पिटलचं जेवण आलं — पिठुळ पाण्यात बारीक शेवया. मी हे माझ्या बालवाडीत मांजरालासुद्धा घालणार नाही. ह्याने सगळं संपवलं.

"कसं आहे?"

"मस्त."

नऊ ताटल्याही मस्त आणि हेही मस्त! मग माझे आन्योली काय वाईट होते?

निघताना त्याने मला नावाने हाक मारली. "नीवेस." बस, एवढंच. मी जिन्यावर बसून राहिले.

१४ मे, मंगळवार

दहा तास. झालं. आहे.

१५ मे, बुधवार

काचेतून पाहिला. नळ्याच नळ्या. तोंड सुजून भलतंच कुणाचं तरी झालंय, हात मात्र त्याचेच.

घरी आले. आन्योली उकळून ओट्याशी उभ्यानेच खाल्ले. चांगले झाले होते. कुणाला सांगू?

१८ मे, शनिवार

बालवाडीतली चुंबकाची पाटी नेऊन दिली. लिहायचं आणि पट्टी सरकवून पुसायचं. 'तहान.' 'उशी.' 'खिडकी उघड.' मग: 'घरी शांतता?'

आहे, इवानो. भयंकर शांतता आहे. चौतीस वर्षं मी त्या आवाजाला 'पुरे आता' म्हणत आले. टँकरमधली गाणी, फुटबॉलच्या शिव्या, जेवताना अखंड बडबड. परत एकदा ऐकायला मिळाला तर मी एक शब्द बोलणार नाही.

२४ मे, शुक्रवार

नळीतून पिशवीतलं पांढरं पाणी जातं. नर्सला म्हटलं, मला शिकवा, मीच घालते. तिने शिकवलं. आता हाच माझा स्वयंपाक.

नोएमी आली होती. बाहेर व्हरांड्यात म्हणाली, "आई, एकदा विचारून टाक त्यांना. मनात ठेवून कुढत बसतेस."

"आता विचारून काय होणार?"

"तू विचारलं नाहीस तर तुझं ते सूप आयुष्यभर उकळत राहील."

माझीच पोरगी. जीभ माझ्यावर गेलीय.

२८ मे, मंगळवार

विचारलं. पिशवी लावून झाल्यावर, त्याच्याकडे न बघता. "शेवटच्या रविवारी माझ्या हातचं का नको होतं तुला?"

पाटी घेतली. मांडीवर धरून बसला. मग भिंतीकडे तोंड केलं. विचारायलाच नको होतं.

२९ मे, बुधवार

आज मी खुर्चीवर बसायच्या आत त्याने पाटी ओढून घेतली. लहान पाटी, तीनदा पुसून लिहावं लागलं.

'जानेवारीत गेलेली चव परत आलीच नाही. आली म्हणालो ते तुझ्यासाठी.'

'एवढे महिने तुझ्या ताटावर खोटं बोललो. शेवटच्या रविवारी खोटं बोलवलं नसतं. तिथे तो माणूस काय लागतंय ते सांगायचा, मी हो म्हणायचो.'

'आणि चौतीस वर्षांत तुला समोर बसून गरम जेवताना पाहिलं नव्हतं. ते पाहायचं होतं.'