उरलेले एकोणतीस राउंड

लालबाग,
रविवार, १९ एप्रिल

गुरूदादा,

आई म्हणाली, मोठ्या भावाला पत्र लिहितोयस तर वरती शिरसाष्टांग नमस्कार घाल. घातला. आता उठतो, खूप वेळ झाला.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, सुमतीकाकूंच्या मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यातलं एक मी त्यांच्याच पिठाच्या डब्यात ठेवलं होतं, तर काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत. तू पण नाही बोलत. फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळी खूण येत नाही, म्हणून कागद. काल पोस्टात पाकीट घ्यायला गेलो तर खिडकीतली बाई म्हणते, "अमेरिकेला? हाताने लिहून? कोण वारलं?" म्हटलं, अजून कोणी नाही, पण दादा आला की मी.

का ते सांगतो. आधी फ्लेक्सचं सांगतो.

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. "आंतरराष्ट्रीय कार रेस विजेता, आपल्या विभागाची शान." फोटो तुझ्या बारावीच्या हॉलतिकिटावरचा, त्यात तू पाकीटमार दिसतोस. खाली मंडळाची अठरा डोकी, सगळी तुझ्यापेक्षा मोठी. आईने पूर्ण मजल्याला पेढे वाटले. आता तू म्हणशील, विजेता? कोण विजेता?

थांब ना. सांगतोय.

तुला माहितीय, बाबांचे डोळे गेल्यापासून तुझी रेस मीच त्यांना सांगतो. तू गाडी चालवत नाहीस, नुसती चाकं बदलतोस, हे शंभर वेळा समजावलं. "चाक नसला तर गाडी चलतली काय?" म्हणतात. विषय संपला. सत्तेचाळीस नंबरची गाडी तुझी.

त्या रविवारी पहाटे पाचला टीव्हीवर रेस लावली. तुमच्याकडे शनिवारची रात्र, सगळीकडे दिवे. आमच्याकडे नळ पण आले नव्हते. चाळ एकदम गप्प, गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या पण झोपलेल्या. आणि त्यात चाळीस गाड्या एकदम सुटल्या. बाबा ताठ बसले. मांडीवर हात ठेवला, बोटं हलायला लागली. "साचेखाता चालू झाला," म्हणाले. साचेखाता म्हणजे त्यांच्या मिलमधलं मागांचं खातं, प्रत्येक वेळी तेच म्हणतात. मिल बंद होऊन एवढी वर्षं झाली, पण तो आवाज आला की ते परत कामावर जातात. मी पण जातो रे, कुठे ते कळत नाही. आवाज खोलीत भरतो, भिंती पातळ होतात, आणि मी सांगत सुटतो.

चौदाव्या नंबरवर सुरुवात. रस्ता कढईसारखा, गाड्या कडेकडेने फिरतायत, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक. शंभर राउंडपर्यंत आपण नववे. दोनशेची रेस. मग एकशे पंचावन्नला सगळे चाकं बदलायला आत आले, आणि तू दिसलास. खरंच दिसलास, तीन सेकंद. गुडघ्यावर घसरत मागच्या चाकाशी गेलास, नट आवळायची बंदूक लावली, टर्र टर्र टर्र, उठलास. आत गेली नववी, बाहेर आली चौथी! मी एवढा ओरडलो की सुमतीकाकूंनी भिंत बडवली. बाबा म्हणाले, "हात बघ त्याचो. भायखळ्याच्या गॅरेजात असताना पण असोच होतो."

मग एकशे एकाहत्तर.

मला लिहायचं नव्हतं हे. पण तू फोन का उचलत नाहीस ते मला माहितीय, आणि मला माहितीय हे तुला पण कळू दे.

मागचं डावं चाक, तू लावलेलं, आधी थरथरलं. मग निघालं. गाडी फिरून भिंतीवर गेली, पण मी गाडीकडे बघतच नव्हतो. मी चाकाकडे बघत होतो. ते एकटंच गवतावरून चाललं होतं, दिव्यात, हळूहळू, कुणाची घाई नाही असं. लहानपणी आपण टायर पळवायचो तसं. वाटलं, ते थांबूच नये. थांबलं की सांगावं लागेल.

"काय झाला?" बाबा.

"पिवळा झेंडा. कोणतरी आपटला."

"आपलो?"

"छे! आपला चौथा आहे."

झालं. गेली जीभ. आता बंद गाडी मलाच चालवायची होती, एकोणतीस राउंड. चौथ्यावर ठेवली असती तरी चाललं असतं ना? पण तुला माहितीय मी कसा आहे. सुमतीकाकूंना मी सहा महिने पटवलं होतं की गच्चीवरच्या टाकीत कासव आहे. मी तिसरा घेतला. वरच्या कडेने, भिंतीला घासत. मग दुसऱ्याच्या मागे दहा राउंड लावून धरली, त्याची हवा खात. टीव्हीवर वेगळेच लोक पळत होते, मी डोळे मिटले. शपथ दादा, मला दिसत होती. निळी, दार चेपलेली, चारही चाकं जागच्या जागी. बाबांचे डोळे उघडे, माझे बंद, आणि दोघं एकच गाडी बघतोय. शेवटच्या वळणावर आतून घातली आणि जिंकलो.

"चाय टाक," बाबा म्हणाले फक्त. तेवढ्यात आई उठली, तिला सांगितलं, ती मजल्यावर सांगून आली, आणि संध्याकाळी फ्लेक्स. मंडळाला फ्लेक्स लावायला कारण लागतं का?

चाक निघालं म्हणून तुला दोन रेस बाहेर बसवलं, हे मी नेटवर वाचलं. वाचून फोन खिशात टाकला. कोणाला बोललो नाही.

आज सकाळी बाबांची दाढी करत होतो. अर्धा गाल झाला आणि म्हणतात, "तेचो ड्रायव्हर बरो आसा मां?"

"कोणाचा?"

"आपल्या गाडीचो. आपाटली ती."

वस्तरा लांब धरला मी. "तुम्हाला कसं कळलं?"

"टीव्हीवर बोलणारो तो गोरो सारखो फॉर्टीसेवन, फॉर्टीसेवन करी होतो, तो थांबलो. आणि तू दोन श्वास गप रवलंस. जल्मात कधी रवलंस?"

मग इतके दिवस बोलला का नाहीत, विचारलं. तर म्हणाले, तू बरी चालवत होतास, मध्येच कशाला थांबवू.

नंतर त्यांनी जे सांगितलं ते आईला पण माहीत नाही. मिलमध्ये फिटर असताना साच्याचा एक बोल्ट त्यांनी ढिला सोडला होता. शेजारच्या माणसाचं बोट गेलं. बाबा तीन दिवस घरी आले नाहीत, वरळी कोळीवाड्यात होड्या बघत बसले. चौथ्या दिवशी आले. आजीने भाकरी वाढली. कोणी काही विचारलं नाही. "तेव्हापास्नं बोल्ट आवळलो की हात लावून बघतंय," म्हणाले. आणि मग, दुसरा गाल पुढे करत, "तेका सांग फोन कर म्हणान. मी चाकाचा काय इचारूचंय नाय."

तुझे चौदा दिवस झाले, दादा. होड्या बघून झाल्या असतील तर ये.

फ्लेक्स मी आज रात्री काढणार होतो. बाबा म्हणाले राहू दे, फोटो वाईट आहे पण पोरगा आपलाच आहे. पुढच्या रेसला आम्ही पहाटे बसणार आहोत. ह्या वेळी जे दिसेल तेच सांगीन, चौदावा तर चौदावा. गप्प मात्र बसणार नाही.

खाली बाबांनी स्वतः लिहिलंय. मी फक्त पेन हातात दिलं. ओळ वाकडी जाऊन माझ्या नावावर चढलीय, समजून घे. आणि वाचलंस की उत्तर मला नको देऊस, त्यांना दे.

तुझा,
हित्या

जेवलंस काय रे