अक्रोडाचा दस्ता

त्सुकुबा, १४ जून

प्रिय कौमू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग वैतागशील. फोनवर लाइन ॲपमध्ये दोन ओळी टाकायच्या सोडून बाबाने चार पानं हाताने लिहिली, तीही मराठीत, आणि थेट साप्पोरोला पोस्टाने धाडली, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखशीलच. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे. सावकाश वाच. घरी तू मला जपानीत उत्तरं देतेस आणि मी हो-हो करतो, पण आत्ता जे सांगायचंय ते मला दुसऱ्या कुठल्या भाषेत जमणार नाही.

तर बातमी अशी की माझ्या रायफलच्या परवान्याचं घोडं पेंड खातंय. मंगळवारी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. परवान्याचं काम बघणारे तेच ते अधिकारी, दरवर्षी घरी येऊन माझी शॉटगन आणि काडतुसं मोजून जाणारे. आईने एकदा चकली पुढे केली तर दोन्ही हात हलवून मागे सरकले होते, आठवतं? त्यांनी मला बसवलं आणि फार मऊ आवाजात सुचवलं की अर्ज मी आपणहून मागे घ्यावा, म्हणजे नामंजुरीचा शिक्का बसायचा नाही. कारण विचारलं तर मान तिरकी करून दातांतून श्वास आत ओढला. अठरा वर्षं इथे काढल्यावर मला एवढं कळतं की असा श्वास ओढला की विषय संपला. पण का संपला, ते कळेना! इथे रायफल हवी तर आधी दहा वर्षं शॉटगन निर्वेध सांभाळावी लागते. मी सांभाळली. एक काडतूस इकडचं तिकडे झालं नाही. मग आत्ताच काय झालं?

हा नाद मला कुठून लागला ते तू जवळून पाहिलंयस. आपल्या घराण्यात ढेकूण मारतानाही लोक देवाचं नाव घ्यायचे, आणि मी बंदूक घेतली म्हटल्यावर पुण्यात सिंधूआत्याने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मेथी-कोथिंबिरीसाठी आपण डोंगराच्या पायथ्याशी जमिनीचा तुकडा भाड्याने घेतला, शेजारी नेमोतो-सानांचं रताळ्याचं शेत, आणि दोघांचंही रानडुकरांनी एका रात्रीत नांगरून टाकलं. तिथून सुरुवात. नेमोतो-सान आता ब्याऐंशीचे. गेल्या वर्षी त्यांनी आपला परवाना स्वतःहून परत केला आणि त्यांच्या जुन्या रायफलची ॲक्शन मला देऊ केली. ॲक्शन म्हणजे बंदुकीचं काळीज गं, ती पोलादी चौकट आणि तिच्यात सरकणारा बोल्ट. साठ वर्षांपूर्वीचं काम, पण बोल्ट असा सरकतो की लोण्यातून सुरी. नळी झिजली होती, म्हणून ठरलं की त्याच ॲक्शनवर नवी, जाड, लांब नळी बसवायची, आणि जुन्या धाटणीचा अक्रोडाचा दस्ता. प्लॅस्टिक नको, चकचकाट नको. रताळी उकरणारं डुक्कर लांबून, एकाच गोळीत, हाल न होता पडलं पाहिजे, एवढंच तिचं काम.

पोलादाला हात लावायचा अधिकार फक्त बंदुकांच्या दुकानातल्या कुरिहारा-सानांना. परवाना येईपर्यंत ती ॲक्शन त्यांच्याच तिजोरीत. पण लाकूड माझं होतं. त्यांनी मला ॲक्शनच्या मापाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा करून दिला आणि मी गॅरेजमध्ये पटाशी घेऊन बसलो. ठोकळ्याला काळं फासायचं, लाकडात दाबायचा, उचलायचा, जिथे काळा डाग उमटला तिथलं लाकूड केसभर तासायचं. पुन्हा फासायचं, पुन्हा दाबायचं. शेकडो वेळा. फासायला मी आईची काजळाची डबी पळवली, तेव्हा तिने जे तोंड सोडलं ते तुला फोनवरही ऐकू आलं असेल. खरं सांगू, ऑफिसातून सुट्टी झाल्यापासून इतका आनंद मला कशात झाला नव्हता. नोकरी गेली म्हणत नाही मी, करार संपला म्हणतो. आई म्हणते, एकच आहे ते.

आता गंमत ऐक. परवान्याआधी पोलीस घरच्यांनाही भेटतात. मी शेतावर असताना ते अधिकारी आईला भेटून गेले. त्यांची ठरलेली यादी असते: नवरा रागीट आहे का, पितो का, झोप लागते का, काही विसरतो का. आई नुकतीच पाळणाघरातल्या आरुबाइतोवरून, म्हणजे त्या अर्धवेळ कामावरून आलेली, आणि तिचं जपानी आता माझ्या दसपट बरं. तिने आपल्याकडच्या बायका जशा देतात तशी उत्तरं दिली. राग? नाकाच्या शेंड्यावर. विसरणं? अहो, बायकोचं नाव लक्षात आहे हेच माझं नशीब. चहा टाकतात आणि बागेत निघून जातात, दोन भांडी जाळली. परवा गॅरेजमध्येच उभे, हातात पटाशी, हाका मारल्या तर ओ नाही. आणि वर हसली असणार, तिचं ते पदराआडचं हसू, पदर नसला तरी. इथल्या बायकाही नवऱ्याला नावं ठेवतात, पण पोलिसांसमोर नाही. त्यांनी सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं.

मंगळवारी रात्री आईने हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. म्हटलं, चल, उद्या जाऊन सांग त्यांना की आमच्यात नवऱ्याबद्दल असंच बोलायची रीत आहे. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा म्हणाली की अर्धी थट्टा होती. अर्धी? कुठली अर्धी? तर म्हणे जेवून घ्या. कौमू, तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. मी तिच्याकडे बघतो, ती माझ्याकडे बघते, आणि आम्ही दोघं भाजीवर बोलतो.

नेमोतो-सानांनी या वर्षीही रताळ्याचे वेल लावले, बरं का. ब्याऐंशीचे आहेत ते आता. गेल्या वर्षी त्यांनी आपला परवाना परत केला आणि त्यांच्या जुन्या रायफलची ॲक्शन मला देऊ केली. साठ वर्षांपूर्वीचं काम, पण बोल्ट असा सरकतो की

वर पाहतो तर हे लिहून झालंय. खोडत नाही. राहू दे.

एक गोष्ट आईलाही कालपर्यंत सांगितली नव्हती. एप्रिलच्या शेवटी मी दस्ता कुरिहारा-सानांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, आतल्या कामाचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग अगदी अदबीने विचारलं, की आपण डावखुरे आहात हे मला आजवर कसं समजलं नाही? बोल्टचा दांडा खाली येतो ना, त्याच्यासाठी दस्त्याच्या उजव्या कडेला खाच पाडायची असते. मी ती डावीकडे पाडली होती. साफ, सुबक, कडा घासलेल्या. उजवीकडे माझ्याच हाताच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच्या तशा. आणि ती खाच कधी पाडली, कौमू, मला काही केल्या आठवेना. निदान दोन दिवसांचं काम आहे ते. मी हसून म्हटलं, हो, डावखुराच आहे थोडा. तेही हसले. लाकूड मी घरी आणून कपाटामागे ठेवलं आणि स्वतःला बजावलं की थकवा आहे, दुसरं काही नाही.

एवढं ठाऊक असूनही बुधवारी मी पुन्हा ठाण्यात गेलो आणि तिथे माझं टाळकं सटकलं. बायकोच्या बोलण्यावर काय जाता, माझ्या मुलीला विचारा, ती इथेच वाढली, तिला तुमची रीत कळते, असं ठणकावून मी तुझा नंबर त्यांना देऊन आलो. तू माझ्याच बाजूने बोलशील याची मला शंभर टक्के खात्री होती. गाडीत येऊन बसलो, किल्ली फिरवली, आणि तुझा चेहरा समोर आला. खात्री का होती ते मग लक्षात आलं.

मार्चमध्ये तुला विमानतळावर सोडायला निघालो होतो. सिग्नल हिरवा झाला, मागचे लोक थांबले, इथे हॉर्नसुद्धा कोणी वाजवत नाही, तो पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. आणि मी तुला विचारलं की आपण निघालोय कुठे. तुझी बॅग मागच्या सीटवर होती. तू उतरलीस, माझ्या बाजूला आलीस आणि गाडी तू चालवलीस. विमानतळावर मी तुला गळ्याची शपथ घातली की आईला सांगायचं नाही. तीन महिने तू ती पाळलीस, आणि रोज जेवलात का विचारायला फोन करू लागलीस. मी मूर्ख, मला वाटलं पोरीला घराची आठवण येते. कौमू, ते ओझं मी तुझ्यावर टाकायला नको होतं. माझं चुकलं. काल आईला सगळं सांगितलं. ती रडली आणि मग मला चिकार बोलली. शॉटगन कुरिहारा-सानांच्या तिजोरीत ठेवून आलोय. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, आई बरोबर येणार आहे. गुरुवारी तुला त्या अधिकाऱ्यांचा फोन येईल. माझ्या बाजूने बोलू नकोस. सिग्नलचं सांग, जे पाहिलंस ते सगळं सांग, शपथ मी घातली होती, मीच सोडवतोय. मी स्वतःच जाऊन सांगितलं असतं, पण त्यांच्यासमोर बसल्यावर मला ते आठवेल की नाही, याचा भरवसा मला उरलेला नाही. तुला मात्र नीट आठवतं.

तुझाच,
बाबा