आभार आधी, सभा नंतर

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (तुम्ही मांजरी गावात आणि आमचा ओटा त्याच दिशेला, त्यामुळे तो ओट्याकडे तोंड करूनच केला, पण पोचला असं समजावं.) गुडघे कसे आहेत? तोडणीवाले आले का, की ऊस अजून उभाच? आम्ही बिबवेवाडीत सुखरूप आहोत, आणि हे वाक्य मला गेल्या आठवड्यात लिहिता आलं नसतं.

झालं काय, ओवीची शाळा, आपली गल्लीच्या तोंडाशी असलेली महापालिकेची, पट कमी म्हणून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन करायची टूम निघाली. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे, मागे तुम्ही तो ओलांडायला रिक्षा केली होती! ओवी तिसरीत, एकटी चालत जाते म्हणून माझी नोकरी चालते. तिला रोज पलीकडे सोडणार कोण, तुमचे बंधू? (त्यांना डबा घेऊन जिना उतरलं की छत्रीसाठी परत वर यावं लागतं.)

शनिवारी अधिकारी येऊन निर्णय सांगणार होते, म्हणून आदल्या दिवशी पालकांनी तयारीची सभा घेतली. निम्मे म्हणाले इंग्रजी माध्यम करा, निम्मे म्हणाले आधी नळाला पाणी आणा. शाळा वाचलीच पाहिजे म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते ते रंगनाथराव, आणि त्यांची दोन्ही मुलं कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये. मी विचारलं तर म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. एकमत झालं ते फक्त सत्काराबद्दल. शाळा राहो की जावो, पाहुण्याला शाल-श्रीफळाशिवाय पाठवायचं नाही. शाळा वाचलीच तर आभार मानायचं काम बापूरावांकडे दिलं. (बापूराव म्हणजे ओवीच्या वर्गातल्या पियुषचे आजोबा, निवृत्त पोस्टमास्तर.)

साहेब उशिरा आले आणि बापूरावांची वामकुक्षीची वेळ झाली. तिच्या आड त्यांच्या लग्नाचा वाढदिवससुद्धा येत नाही. साहेब खिशातून कागद काढतायत तोवर बापूराव उभे, म्हणाले, माझं तेवढं उरकून घेतो. आणि त्यांनी शाळा वाचवल्याबद्दल साहेबांचे अगदी गहिवरून आभार मानले हो! शाल पांघरली, नारळ दिला. मुलांनी टाळ्या पिटल्या, बायकांनी ओवाळलं, शाळेच्या बाईंना खरंच निर्णय झाला वाटून रडू फुटलं, रंगनाथरावांनी फोटो ग्रुपवर टाकला. बापूराव झोपायला निघून गेले. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, रडणाऱ्या बाईंकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "शाळा इथंच ठेवावी असं मी वर कळवतो. पण पहिलीत मुलं आणा."

सोमवारी त्यांचा शिपाई शाल घेऊन शाळेच्या दारात हजर! मी मनात म्हटलं, शाल परत म्हणजे शब्दही परत. तर म्हणाला, साहेबांना भेटवस्तू चालत नाही, आणि शाळा सुरू ठेवायचं पत्र बाईंच्या हातात दिलं. (नारळ मात्र चालला असावा, तो आला नाही.) मी फाटकापाशी मटकन बसले आणि हमसून रडले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! ओवी म्हणाली, "आई, ऊठ, लोक बघतायत."

सर्वांना यथायोग्य. पोरांना पापे.

तुमची,
प्रियदर्शनी

ता. क. सुदर्शन जूनपासून आमच्याच इमारतीत राहायला येतोय, फार आनंद झाला. शुभंकर यंदा पहिलीत, आणि बाप त्याला त्या टायवाल्या शाळेत घालतोय असं कानावर आलं. सुदर्शन मुलगा तुमचा, आणि तो ऐकतो तेही तुमचंच. आमच्या पहिलीत अजून एक मूल कमी पडतंय, आणि ते नाही मिळालं तर साहेब तोच कागद पुन्हा उघडतील. ओवी त्याला हाताला धरून नेईल.

आणखी ता. क. सोबत पाठवलेल्या सत्काराच्या फोटोतली मोरपंखी शाल ओळखीची वाटली असेल. ती तुम्ही मला दिवाळीत दिलेलीच. रागावू नका, धुऊन इस्त्री करून ठेवली आहे. शुभंकरच्या प्रवेशाच्या दिवशी तीच तुम्हाला पांघरायची ठरली आहे. बापूराव तर तुमचे आभार मानून कालच मोकळे झाले.