आमच्या दारावरची पाटी

दादा, माझ्या स्वयंपाकघरात शंभर वर्षांपूर्वी कोण झोपलं होतं, याच्याशी त्या भिंगवाल्याला काय करायचंय? इतकी वर्षं कुणाला आठवण झाली नाही, ती नेमकी पोरीचं जमायच्या वेळी! (नमस्कार राहिला. साष्टांग वगैरे सगळं इथेच धरून चाल. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा दमा? आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे मी सोडून. फोन केला की तुला नेमकं ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.)

नीट सांगते. आमच्या साथीच्या दवाखान्याला शंभर वर्षं झाली म्हणून साहेबांनी एका रिटायर डॉक्टरला इतिहास लिहायला बसवलंय. बसवलंय म्हणायचं आपलं, तो बसतोय कुठे! हातात भिंग घेऊन भिंती हुंगत फिरतो. मी लाँड्रीत चादरी उकळून घरी आले, तर हा बाबा माझ्या ओट्यावर चढून गिलावा खरवडतोय आणि तुझे दाजी खाली स्टूल धरून उभे! (अ‍ॅम्ब्युलन्स चालवून चालवून त्यांना सवयच लागलीय, कुणी हात केला की धावलेच.) भिंगवाला खाली उतरला तो डोळ्यांत पाणी घेऊन. म्हणाला, बाई, भाग्यवान आहात, दवाखान्याचा पहिला रोगी याच खोलीत ठेवला होता. मी म्हटलं, भाग्य गेलं चुलीत, रोग कसला ते सांगा. म्हणे देवीचा. आणि दुसऱ्या दिवशी दारावर पाटी ठोकून मोकळा: ‘येथे या रुग्णालयाचा पहिला रुग्ण दाखल झाला.’

आणि रविवारी मुलाकडचे येणार! मुलगा गुणी आहे, पोरीच्या मनात भरलाय, त्याला सगळं ठाऊक आहे. त्याच्या आईबापांना मात्र आम्ही सांगितलंय की मोठ्या बागेत क्वार्टर आहे. (खोटं काय त्यात? बाग आहेच. मधोमध दवाखाना आहे, एवढंच.) आता ते पाटी वाचणार, आत येऊन खुर्चीच्या कडेला टेकणार आणि चहा पुढे केला की म्हणणार, आत्ताच घेऊन निघालो. हे वाक्य मला पाठ आहे, दादा. ते म्हणणारा माणूस पुन्हा आमच्या दारात दिसत नाही. पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही आणि मी रात्रंदिवस भांडी उकळतेय.

पाटीवर ओला टॉवेल टाकून पाहिला. तर भिंगवाला दवाखाना बघायला आलेले चार पाहुणे घेऊन हजर, आणि माझाच टॉवेल भिंगातून बघतोय! शेवटी वैतागून विचारलं, तो तुमचा पहिला रोगी मेला ना एकदाचा? म्हणाला, छे हो, खडखडीत बरा झाला. घरी गेला, पण घरच्यांनी दारच उघडलं नाही. मग परत आला आणि जन्मभर इथेच चादरी उकळत राहिला. मी तशीच उठले, पेंटरला धरून आणला आणि पाटीवर खाली लिहून घेतलं: ‘आणि बरा झाला.’ भिंगवाला म्हणतो, हे पाटीच्या भाषेत बसत नाही. म्हटलं, माणूस उठून बसला, भाषा बसेल हळूहळू.

तुझी बहीण

ता.क. तुमच्याकडचे कान असलेले सहा कप पाठव. आमच्या कपांचे कान उकळून उकळून गळाले. इतकं स्वच्छ घर शोधून सापडायचं नाही, पण सांगणार कुणाला?

ता.क. दुसरा. कप पाठवू नकोस, घेऊन ये. खरं पत्र इथून सुरू होतंय. रविवारी मुलाच्या बापाशेजारी बस आणि सगळ्यांच्या आधी तू कप उचल. सख्खा मामा पितोय म्हटल्यावर तेही पितील. पोर जन्मल्यापासून तू माझ्या घरी पाण्याचा घोट घेतला नाहीस. फाटकातूनच हाक मारतोस आणि फाटकातूनच जातोस. मी कधी काही बोलले नाही. (बोलले असेन, पण तुझ्यासमोर नाही.) वहिनीला दिलेली साडी आठवडाभर गच्चीवर उन्हात पडली होती, तेही मला कळलंय. ते सगळं जाऊ दे. एक कप. गार करून पी, फुंकून पी, डोळे मिटून पी, पण त्यांच्यादेखत संपव.

गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे. ‘आत्ताच घेऊन निघालो’ सोडून कुठलंही चालेल.