घर धाकटीला न देण्याबाबत

बालरुग्णालयाच्या जिन्याखालच्या बाकावर बसून आम्ही तिघींनी एक संत्रं खाल्लं होतं. ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. थोरली सात वर्षांची होती, धाकटी तीन. थोरलीला घास तोंडात गेला की चावायचं असतं हे सांगावं लागे. धाकटी तिच्यापुढे उभी राहून स्वतःचं तोंड हलवून दाखवत होती, "अशी, ताई, अशी!" आमचा नंबर पुकारला, तरी फोड संपेपर्यंत मी उठले नाही. मला त्या लहानगीचं फार कौतुक वाटलं. कौतुक करण्यात मी तिची तेहतीस वर्षं घालवली.

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, चष्म्याच्या दुकानदाराची विधवा आणि दोन मुलींची आई, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितलं ते नीट समजण्याइतकी मी शुद्धीवर आहे. माझ्यावर कुणा माणसाचा दबाव नाही.

कलम पहिले. घराआधी थोरलीविषयी लिहिणं भाग आहे, कारण पुढे तिला जे सांभाळतील त्यांना खरं माहीत हवं. जन्मतः तिच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नीट घडलेली नव्हती. पहिल्या पंधरवड्यात हे कळून रोजची एक बारीकशी गोळी सुरू झाली असती, तर ती आज कुठेतरी नोकरी करत असती आणि माझ्याशी कडाकडा भांडत असती. कळण्याचा मार्गही होता. बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे चार थेंब जाड कागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. आमच्या रुग्णालयात ही तपासणी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई ट्रे घेऊन आली.

"उठवू नका हो तिला," मी म्हणाले. "किती शहाण्यासारखी झोपलीय. उद्या घ्या ना."

"बाई, तीन दिवसांचं बाळ इतकं शहाणं नसतं," ती म्हणाली. "दूधही ओढत नाही. मला हे काही बरं वाटत नाही."

मला राग आला. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ओठांवर बोट ठेवून रांगेत चालायला शिकवलं होतं. आवाज न करणारी मुलगी म्हणजे चांगल्या वळणाची मुलगी, हे माझ्या हाडीमाशी भिनलं होतं. माझं बाळ जन्मतःच वळणाचं निघालं, असं मला वाटत होतं. मी मेट्रनबाईंना सुंदर तिरप्या अक्षरात तक्रार लिहिली, की ही नर्स नवजात बाळाबद्दल अभद्र बोलते. तिला वॉर्डातून काढून चादरींच्या कोठीत बसवलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. टाच टोचायची राहिली आहे, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

पुढचे चौदा महिने येणारा-जाणारा म्हणे, "मूल असावं तर असं! घरात बाळ आहे हे कळतसुद्धा नाही." मी हसून मान डोलवायची. चौदाव्या महिन्यात ती बसेना म्हणून बालरुग्णालयात नेली. डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ पाहिली, गार पडलेले हात पाहिले आणि विचारलं, "टाचेच्या तपासणीचा कागद कुठे आहे?" त्या प्रश्नाचं उत्तर मी नवऱ्यादेखत दिलं. त्यांनी मला आयुष्यात एकदाही बोल लावला नाही. फक्त त्या आठवड्यापासून ते रविवारीही दुकान उघडू लागले.

कलम दुसरे. त्या नर्सबाई हयात आहेत. धाकटीने त्यांचा पत्ता शोधून दिला त्याला सहा वर्षं झाली. या कागदासोबत बंद पाकिटात माझं माफीपत्र आहे, ते त्यांना पोहोचवावं. समोर जाऊन बोलण्याचं धैर्य माझ्यात नाही. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आले आहे. मेल्यावर माफी मागणं हा भित्रेपणा आहे, हे मी जाणून आहे.

कलम तिसरे. उशिरा का होईना, थोरलीला जे आलं ते बालरुग्णालयातल्या व्यायाम आणि बोलणं शिकवणाऱ्या बायांमुळे आलं. पाचव्या वर्षी चाल, अकराव्या वर्षी बटण, आणि आजवर साठ-सत्तर शब्द. तिच्या वडिलांनी केलेली पट्ट्याची लहान खुर्ची आणि जाड दांड्यांचे चमचे त्यांच्या खेळखोलीला द्यावेत. खुर्चीचा उजवा पाय किंचित आखूड आहे. आमच्या घरात चष्मे सरळ बसत, खुर्च्या नाही.

कलम चौथे. आता घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि जाळी लावलेला सज्जा. थोरली एकदा उघड्या दारातून रस्त्यापर्यंत गेली, तेव्हापासून दाराला कडी वर आहे, तिचा हात पोहोचणार नाही इतकी. कडी तिच्यासाठी लावली, पण आत आम्ही सगळेच होतो. मी पस्तीस वर्षांत कुठल्याही लग्नात जेवायला थांबलेले नाही. याची मला सवय झाली. ज्याची सवय मला व्हायला नको होती, ती म्हणजे धाकटी संध्याकाळी धावत जिना चढते, त्या आवाजाची.

धाकटी प्रयोगशाळेत काम करते, त्याच रक्ताच्या कागदांवर. गेल्या महिन्यात फडताळाचे कागद बदलताना खाली मला तिच्या नावाचं एक पत्र सापडलं. दुसऱ्या शहरात नवजात बाळांच्या तपासणीचा अख्खा विभाग उभारायला तिला बोलावलं होतं. पत्र आठ महिन्यांपूर्वीचं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कागद आहे. फडताळात घालायला कमी पडत होता."

"थट्टा पुरे. गेली का नाहीस?"

"आणि ताईला अंघोळ कोण घालणार? तू? जिना चढताना चार वेळा टेकतेस."

"मी मेल्यावर तरी जाशील?"

ती भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "आई, तू आहेस तोवर मी निदान अर्धी मोकळी आहे गं."

मी त्या रात्रीच काय, त्यानंतर कित्येक दिवस नीट जेवले नाही. मला वाटत होतं, माझ्या मरणाने ती सुटेल. माझ्या मरणाने तिच्यामागे कडी लागणार होती.

म्हणून मी वकीलसाहेबांकडे गेले आणि सांगितलं, की थोरलीने संस्थेत राहायचं, असं लिहा. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होतं. आणि मुलगी म्हणजे काही कपाट नव्हे, कुणाच्या नावे करायला. पालक नेमायचा तर न्यायालयात अर्ज करावा लागेल."

"मग अर्ज आजच लिहा. मरेपर्यंत थांबायला मला सांगू नका. थांबून काय होतं ते माझ्या घरात आहे."

अर्ज झाला आहे. संस्थेचं आठ बायकांचं निवासी घर दोन बसथांब्यांवर आहे. आठवड्यातले तीन दिवस थोरली तिथे राहू लागली आहे. पहिल्या दिवशी मी तिथून हलेना, तेव्हा ती टॉवेलांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आई, तू जा." इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की ती मला सोडत नाही.

धाकटी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. "ताईला टाकतेस तू," म्हणाली. म्हणू दे.

तर घर मी धाकटीला देत नाही. दिलं तर ती त्यात राहील. माझ्यामागे सहा महिन्यांच्या आत ते विकावं आणि येणारं सगळं थोरलीच्या देखभालीसाठी त्या संस्थेकडे, न्यायालय नेमेल त्या पालकाच्या देखरेखीखाली राहावं. पालक धाकटी नसावी, अशी माझी इच्छा अर्जातही नमूद आहे. धाकटीने बहिणीला भेटायला यावं, पाहुणी म्हणून यावं, हात हलवत यावं.

कलम पाचवे. बँकेतली माझी शिल्लक धाकटीला. अट एकच: त्यातलं काही ताईवर खर्च करू नये. कुणी म्हणेल ही कसली आई, तर म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवावं. मी सापडणार नाही.

कलम सहावे. संस्थेतल्या बाईंना थोरलीच्या गोळ्यांचा डबा. गोळी सकाळी उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. अर्धा तास दूधसुद्धा नाही. "घेतली" म्हणेल, जीभ उचलून पाहावी. दर सहा महिन्यांनी रक्त तपासावं. टोचताना तिचा हात धरावा लागत नाही. ती अजूनही रडत नाही.

कलम सातवे आणि शेवटचे. नवऱ्याची भिंगं घासायची चकती, बारीक पेचकस आणि दुकानाची पाटी माझ्या धाकट्या दिरांना. भाऊजी, तुम्ही एकदा मोठ्या तोंडाने थोरलीला पंधरा दिवसांसाठी घेऊन गेलात आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी दारात आणून सोडलीत. "वहिनी, आमच्याकडे पाहुणे येणार आहेत," म्हणालात. मी तो राग पुष्कळ वर्षं जपला. आज अवजारांसोबत तुम्हाला एक काम देते. मी गेल्याचं थोरलीला सांगण्याचं काम धाकटीकडे जाऊ देऊ नका. ते तुम्ही करायचं. तिच्याजवळ बसून सांगा. ती "बरं" म्हणेल आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारेल, आई कुठे. पुन्हा सांगा. ती विचारायची थांबेपर्यंत उठू नका.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, खाडाखोड नाही. दोघा साक्षीदारांसमक्ष मी सही केली आणि माझ्यासमक्ष त्यांनी केली.

सही: (थोरली आणि धाकटी यांची आई)

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामाच्या बाई
२. बालरुग्णालयातल्या निवृत्त डॉक्टरीणबाई

ठिकाण: राहत्या घरी, सज्ज्याजवळचं टेबल
दिनांक: नऊ नोव्हेंबर, थोरली संस्थेत असण्याचा वार