लुंगमेनच्या लेण्यांत पेरलेला माणूस

१२ एप्रिल
उद्या लुंगमेनची लेणी बघायला निघायचं. एवढी स्वस्त ट्रिप? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. पण मी फसणार नाही. जन्मभर कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. बायकोच्या, गुइलानच्या, गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून एकटाच चाललोय. लग्न झाल्यापासून तिला तिथला तो मोठा बुद्ध पाहायचाय. म्हणाली, फोटो ढीगभर पाहिले. तो खरंच हसतो का, तेवढं तुमच्या डोळ्यांनी बघून या. शब्द दिला. हे काय सांगायला हवं?

१३ एप्रिल, बसमध्ये
सगळ्यांना लाल टोप्या. गाइड मियाओबाई फार गोड बोलते. म्हणजे वाटेत जेडचं, त्या महागड्या हिरव्या दगडाच्या दागिन्यांचं, दुकान येणार. अशा ट्रिपमध्ये कंपनी आपला एक माणूस प्रवासी म्हणून पेरते. तो आधी खरेदी करतो, मागोमाग बाकीची मेंढरं. सगळ्यांची कसून चौकशी केली, उत्तरं इथे टिपली. लोक काहीतरी लपवतायत.

दुपार
सापडला! शेजारच्या सीटवरचा लाओ तान. एकटाच आलाय. न मागता सूर्यफुलाच्या बिया देतो, पेन्शन विचारतो. बिया घेतल्या, खाल्ल्या नाहीत. (थोड्या खाल्ल्या.) पाळतीसाठी फोन नंबर घेतला.

संध्याकाळ
म्हटलं नव्हतं? जेडचं दुकान! तानने बांगडी उचलली. मी मागे खांबासारखा उभा. माझ्याकडे बघून त्याने ती मुकाट खाली ठेवली. डाव उधळला. कोणीच काही घेतलं नाही. पण आभार मानायची रीत नाही लोकांना. जेवताना माझ्या शेजारी कोणी बसेना.

१४ एप्रिल
लेणी. मोठ्या बुद्धापुढे मियाओबाई म्हणाली, वर बघा. वर बघायला लावून खाली काय चालतं, मी ओळखून आहे! तानवरची नजर हलवली नाही. तोही लबाड, बुद्धाकडे पाठ करून उभा. मग मियाओबाईची झेंडी हलली, चला बसमध्ये. बुद्धाचा चेहरा राहिला. राहू दे, हजार वर्षं बसलाय, पळतोय कुठे? मोहीम फत्ते.

१५ एप्रिल, न्हाणीघरात
गुइलानने चहा दिला, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, हसतो का हो?
म्हटलं, आधी आंघोळ करतो.
नळ सोडून तानला फोन लावला. बुद्ध हसतो का? तान उसळला, मला काय विचारता? कंपनीचा पेरलेला माणूस तुम्ही, सगळ्या बसला ठाऊक होतं! मी तिथे तुमच्यावरच नजर ठेवून होतो.
आता हिला काय तोंड दाखवू?
दार वाजलं. गुइलान म्हणाली, सावकाश आटपा, मी बसलेय.