थॉर्नली टॉपचं घर आणि क्रॅबट्री हे नाव

मी विनिफ्रेड क्रॅबट्री, माहेरची पिकल्स, वय त्र्याऐंशी, राहणार थॉर्नली टॉप, टॉडमॉर्डनच्या वरच्या अंगाला, यॉर्कशायर, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकील उटलीसाहेब म्हणाले. हे लिहायला मला कुणी धमकावलेलं नाही. तशी आजवर कुणाची छाती झालेली नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते केलं तेव्हा मी घरच्या सगळ्यांवर रागावले होते आणि होतं नव्हतं ते चॅपलच्या बाजाच्या पेटीला ठेवून बसले होते.

उटलीसाहेब म्हणाले, "क्रॅबट्रीबाई, मोजकं लिहा." मी चौदाव्या वर्षी गिरणीत लागले आणि शाळा तिथेच सुटली. मोजकं लिहायला फार शिकलेलं असावं लागतं. तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उटलीसाहेबांनी करावी आणि आपली फी माझ्या मालमत्तेतून घ्यावी. चहाबरोबरची बिस्किटं मात्र आता मिळणार नाहीत.

२. मला माउंट झायन चॅपलच्या आवारात, माझ्याच हॅरोल्डशेजारी पुरावं. 'माझ्याच' खाली रेघ मारली आहे ती उगाच नाही. आमच्या खोऱ्यात दगड भिरकावला तर तो क्रॅबट्रीला लागतो आणि उलट मारतो तोही क्रॅबट्रीच असतो. म्हणून इथे आडनाव लागतं ते पोस्टमनला आणि पोलिसांना. बाकीचे माणसाला ओळखतात ते बापावरून आणि घरावरून. माझा नवरा म्हणजे 'टॉपवरच्या एनॉकचा हॅरोल्ड'. त्याच आवारात आणखी दोन हॅरोल्ड क्रॅबट्री निजले आहेत. हॅरोल्ड गेला त्या वर्षी थडगं खणणारा माणूस नवा होता, लीड्सचा. त्याला कुणीतरी नुसतं नाव आणि आडनाव सांगितलं, म्हणजे काहीच सांगितलं नाही. शवपेटी अर्धी खाली गेली तेव्हा माझी नजर बाजूला सरकवलेल्या दगडावर गेली. त्यावर लिहिलं होतं, 'आणि याची प्रिय पत्नी एडिथ'.

मी ओरडले, "थांबा! हा माझा नवरा आहे, एडिथचा नव्हे!"

दोर धरलेली माणसं जागच्या जागी खिळली. पाद्री पुस्तकातली ओळ हरवून बसला. तेवढ्यात हॅरोल्डचा जिवलग दोस्त आर्थर स्टॅन्सफील्ड म्हणाला, "विनी, राहू दे की थोडा वेळ. त्याची काही तक्रार दिसत नाही."

मी पेटी वर ओढायला लावली आणि हॅरोल्डला त्याच्या स्वतःच्या जागी नेलं. हा आर्थर आज माझा साक्षीदार आहे. हे सगळं मी मुद्दाम वर लिहिलं, म्हणजे त्याला त्याच्याखाली सही करावी लागेल. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे. आर्थरला साक्षीदार करण्याचं तेही एक कारण आहे.

माझ्या दगडावर 'टॉपची विनी' एवढं जरूर कोरावं. बाकी काय हवं ते लिहा.

३. बँकेत आणि चहाच्या डब्यात जे काही आहे ते सगळं माझी मुलगी जीन हिला. डबा फडताळाच्या मागे आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे की तिला ठाऊक आहे. जीनला घर नको. तिनेच स्वच्छ सांगितलं, "आई, त्या टेकडीवर मला मेल्यावरसुद्धा नेऊ नकोस." तिचे गुडघे माझ्यावर गेलेत.

४. जेली करायचं पितळी पातेलं आणि कृती दगडावरच्या त्याच एडिथच्या मुलीला, मार्जरीला. मार्जरी, तुझ्या आईने चॅपलच्या जत्रेत वर्षानुवर्षं पहिलं बक्षीस नेलं ते जेली घट्ट करायची बाजारची पूड घालून नेलं. रानसफरचंदाला बाहेरचं काही घालावं लागत नाही. ते आंबट असतं, कडक असतं, पण उकळलं की आपलं आपण घट्ट होतं. आता तरी नीट करून बघ. डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर खा आणि मग सांग.

५. आता आडनावाकडे येते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं आहे.

चार वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या टेनेसीहून ड्वेन क्रॅबट्री नावाचा एक धिप्पाड, गोड स्वभावाचा माणूस आपलं मूळ शोधत दारात आला. क्रॅबट्री म्हणजे रानसफरचंदाचं झाड, आणि परसातलं तसलं झाड बघून त्याचे डोळे पाणावले.

"बाईसाहेब, हेच का ते झाड? ज्याच्यावरून आपलं नाव पडलं ते?"

मी म्हटलं, "हे माझ्या सासऱ्यांनी लावलं. कोंबड्यांना सावली हवी होती."

तो खट्टू झाला, पण इतक्या लांबून आला होता म्हणून त्याने झाडाला मिठी मारलीच. मग स्वयंपाकघरात नकाशा पसरला. जिथे जिथे क्रॅबट्री राहतात तिथे ठिपका. आमच्या खोऱ्यावर माश्या बसून गेल्यासारखं सगळं काळं होतं. डोंगरापलीकडे बर्नलीकडेही तसंच, पण ते लँकेशायर, त्यांच्याबद्दल आपण बोलत नाही. दक्षिणेकडे ठिपके विरळ होत जातात. मग समुद्र, आणि समुद्रापलीकडे अमेरिकेत पुन्हा माश्याच माश्या. ऑस्ट्रेलियातही आहेत. ड्वेन म्हणाला, आता तिकडेच आपली माणसं इकडच्यापेक्षा जास्त भरतील.

मी विचारलं, "पण पहिला क्रॅबट्री कोण? सरदार होता का कुणी?"

ड्वेन हसला. "कुठला सरदार! सहा-सातशे वर्षांपूर्वी कर गोळा करणारा आला असेल. गावात जॉनच जॉन. कुठला जॉन म्हणून विचारलं, तर लोकांनी सांगितलं, तो आंबट झाडाजवळ राहतो तो. त्याने तसं लिहून घेतलं. आणि असं एकाच गावात झालं असेल असंही नाही."

म्हणजे आम्ही आजही एकमेकांना जसं ओळखतो तसंच. फरक एवढाच की त्या वेळी कुणीतरी ते कागदावर उतरवलं आणि मग ते पुसलं गेलं नाही. जॉनची पोरं झाडापासून उठून दुसरीकडे गेली तरी झाड त्यांच्या मानगुटीवर बसूनच गेलं.

ड्वेनने मला विचारलं, "तुम्ही जन्माच्या क्रॅबट्री?"

"मी पिकल्स. क्रॅबट्री लग्नात मिळालं. सोबत दोन गाई आणि एक सासू."

हे सगळं इथे का, तर हॅरोल्डसाठी. तो अंथरुणाला खिळला होता, पायाशी त्याचा पुतण्या क्लिफर्ड बसला होता, मी सूप घेऊन उभी होते. हॅरोल्ड म्हणाला, "विनी, घर क्रॅबट्रीलाच जाऊ दे."

मी म्हटलं, "आधी सूप पी."

त्याने सूप घेतलं नाही, मी शब्द दिला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या मृत्युपत्रात सगळं मला आहे, विनाअट. उटलीसाहेब म्हणतात, मरताना बोललेलं वाक्य म्हणजे अट नव्हे, कायद्याने तुम्ही मोकळ्या आहात. असेन. पण मी पंचेचाळीस वर्षं संसार केला तो हॅरोल्डशी, कायद्याशी नाही. पंधरा वर्षं हे वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून आहे.

आणि क्लिफर्डच्या कानात ते अडकून आहे. हॅरोगेटला घरं विकण्याचा त्याचा धंदा. तेव्हापासून ईस्टरला आणि नाताळला विकतचा केक घेऊन येतो. "काकू, काकांचं शेवटचं बोलणं लक्षात आहे ना?" केक कोरडा असतो.

या ऑगस्टमध्ये तो बायकोला घेऊन आला आणि दोघं अंगणात उभी राहून बोलत होती. मी खिडकीत होते. क्लिफर्डला एक गोष्ट कुणी सांगितलेली नाही. गिरणीत शेकडो माग धडधडत असताना स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलतात. अख्ख्या आयुष्यातल्या चहाड्या मी अशाच ऐकल्या. काचेआडून क्लिफर्डचे ओठ म्हणाले, "मेंढ्या खाटकाला. गोठ्याच्या दोन खोल्या करू, सुट्टीवाल्यांना भाड्याने देऊ. म्हातारी फार तर दोन हिवाळे काढेल."

बायकोचे ओठ म्हणाले, "नाव ठेवू मात्र. क्रॅबट्री कॉटेज. लोकांना असलं आवडतं."

दोघं आत आली. मी चहा ओतला. म्हटलं, "क्लिफर्ड, तीन हिवाळे धर." त्याच्या बशीत चहा सांडला.

ही झाली क्रॅबट्री नावाची बाजू. दुसऱ्या बाजूला माझी नात, जीनची लेस्या. तिचं आडनाव ह्रिंचुक. एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे राहायला आली ती आज तेहतीस वर्षांची आहे. मेंढ्या तीच बघते, कातरते तीच, बर्फातून खणून काढते तीच. या टेकडीवाचून तिला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नको आहे. क्लिफर्डचे ओठ काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. तिने बूट काढता काढता ऐकलं.

"आजी, नावाचंच अडलं असेल तर मी नाव बदलते. एक सही केली की झालं. उद्यापासून क्रॅबट्री."

"खबरदार."

"अगं, नावच तर आहे."

"तुझ्या दुसऱ्या आजोबांना विचार नावच तर आहे का ते!"

हे आजोबा म्हणजे तिच्या बापाचा बाप, पेट्रो ह्रिंचुक. युक्रेनहून युद्धाच्या धामधुमीत निघाला तो अंगावरचा कोट आणि हे नाव एवढंच वाचवून आमच्या गिरणीत पोचला. माझ्या शेजारच्या मागावर होता. मुकादमाला ते नाव म्हणता येईना, त्याने त्याचं 'हॅरी' करून टाकलं. पेट्रोने त्या हाकेला कधी ओ दिली नाही. माग बंद करून हाताची घडी घालून उभा राहायचा. शेवटी मुकादमाने जीभ वळवायला शिकून घेतलं. त्या माणसाची नात माझ्या चार भिंतींसाठी नाव टाकून देणार असेल, तर मी थडग्यातून उठून येईन, मला कुठल्याही हॅरोल्डशेजारी पुरलेलं असो.

लेस्याने दुसरा बूट काढला. म्हणाली, "मग घर जाईल, आजी. माझं मी बघेन कुठेतरी. पण मेंढ्यांना कुठे नेऊ?"

हा खरा प्रश्न. आमच्या मेंढ्यांनी भुई धरलेली आहे. वर माळावर भिंत नाही, कुंपण नाही, आठ-दहा घरांच्या मेंढ्या एकाच माळावर चरतात, तरी आमच्या आमच्याच जागी राहतात. वारा कुठून येतो, पाणी कुठे गोठत नाही, बर्फात कुठे दबून बसायचं, हे मेंढी आपल्या पिलाला चालवून दाखवते, ते पिलू पुढे आपल्या पिलाला. हा कळप एकदा खाटकाकडे गेला की नवा आणून भागत नाही. नवा कळप आठवड्यात बर्नलीला पोचतो.

आणि नर? नर बाजारातून आणतात. दुसऱ्या खोऱ्यातला, कुणाचाही. नोव्हेंबरात मेंढ्यांमध्ये सोडायचा, काम झालं की बांधायचा, दोन-तीन वर्षांनी विकायचा. त्याला टेकडीचं काहीसुद्धा ठाऊक नसतं. हॅरोल्डच म्हणायचा, "मेंढा विकत मिळतो विनी, भुई ओळखणारी मेंढी नाही मिळत." हे जन्मभर सांगणारा माणूस मरताना मात्र मेंढ्याच्या, म्हणजे पुरुषाच्या नावाच्या, बाजूने बोलून गेला. तापात होता.

मग मी आणखी मागे गेले. टॉप हे घर क्रॅबट्रींचं झालं कसं? माझे सासरे एनॉक इथले नव्हेतच. घर हॅना ग्रीनवुडच्या बापाचं. एनॉकने हॅनाशी लग्न केलं आणि पिशवी घेऊन वर आले. घरजावई! हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं, पण पाटीवर नाव पुरुषाचं लागलं, म्हणून दोन पिढ्यांत सगळे विसरले. ग्रीनवुडांच्या म्हाताऱ्याने तेव्हा 'घर ग्रीनवुडलाच' म्हणून हट्ट धरला असता, तर हॅरोल्ड कुठे जन्मला असता आणि कुठल्या अंथरुणावर पडून मला ते वाक्य ऐकवणार होता?

घशातला काटा तिथेच निघाला.

६. म्हणून थॉर्नली टॉपचं घर, गोठा, बांधाच्या आतली सगळी जमीन, माळावर चारण्याचा हक्क, भुई धरलेला कळप, कुत्रा, सगळी अवजारं आणि दगडी बांध घालायचा हातोडा, हे सगळं माझी नात लेस्या ह्रिंचुक हिला, पूर्ण मालकीने. नावाची कोणतीही अट नाही. तिने लग्न करावं, करू नये, दुसरं नाव घ्यावं, आहे ते ठेवावं. कुणाला विचारू नये.

७. क्लिफर्ड क्रॅबट्री याला एनॉकचा चौकटीतला मोठा फोटो. शिवाय माउंट झायनमधली, माझ्यानंतर उरणारी, क्रॅबट्री घराण्याची शेवटची मोकळी जागा. क्रॅबट्रींची जमीन क्रॅबट्रीलाच जावी असा त्याचा आग्रह होता. तिथे सुट्टीवाले येत नाहीत, पण शांतता आहे. खणणाऱ्याला नाव नीट सांग.

८. लेस्या, पुढे कधी तूही हे कुणाला तरी देशील. तेव्हा त्या माणसाचं नाव, बाप, नकाशावरचा ठिपका काही बघू नकोस. त्याला माळावर उभं करून हाक मारायला सांग. मेंढ्यांनी मान वर केली तर दे.

हॅरोल्डला मी स्वतः सांगेन. भांडेल. भांडू दे, आता आम्हा दोघांनाही दुसरं काम नाही.

हे सर्व मी खालील दोन साक्षीदारांसमोर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चष्मा लावून वाचून पाहिलं आणि सही केली.

विनिफ्रेड क्रॅबट्री

साक्षीदार:
१) आर्थर स्टॅन्सफील्ड, शेतकरी, लोअर एंड. (वाचलं. तक्रार खरंच दिसत नव्हती. आ. स्टॅ.)
२) ब्रेंडा लॉर्ड, पोस्टमास्तरीण, थॉर्नली

ठिकाण: थॉर्नली टॉप
दिनांक: ९ नोव्हेंबर २००६. आज सकाळीच लेस्याने नवा मेंढा सोडला. नॉर्थम्बरलँडचा आहे, त्याला अजून पाणी कुठे आहे ते सापडत नाही. मेंढ्या दाखवतील.